अडकलं पिस्तूल, दोष कोणाचा?

'व्हेरिएबल' या शब्दाची व्याख्या पाठ करून कंटाळला असाल, तर आज एक वेगळं उदाहरण घेऊया: नव्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतूस अडकणं.

आधी यंत्रणा बघा. मॅगझिनमधली स्प्रिंग काडतूस वर ढकलते. मॅगझिनच्या तोंडाशी आत वळवलेल्या कडा ते धरून ठेवतात. स्लाइड पुढे येताना त्याला रेटते, गोळीचं टोक एका छोट्या उतारावरून चढतं आणि काडतूस चेंबरमध्ये बसतं. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुन्हा तेच चक्र. आता घटक मोजा: स्प्रिंग, कडा, उतार, गोळीचा आकार, दारूचा जोर. शिवाय धरणाऱ्याचं मनगट! ते सैल असेल तर अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडचा फेरा अपुरा राहतो आणि पुढचं काडतूस अडकतं.

1907 पासून अमेरिकन लष्कर .45 कॅलिबरच्या नव्या पिस्तुलांच्या चाचण्या घेत होतं. शेवटी दोन उरली: जॉन ब्राउनिंगने रचलेलं कोल्ट आणि दुसरं सॅव्हेज. नोव्हेंबर 1910 च्या चाचणीत दोन्ही अडखळली. सुधारणा झाल्या आणि मार्च 1911 मध्ये पुन्हा परीक्षा. प्रत्येकाला 6000 गोळ्या. 100 झाडल्या की थोडी विश्रांती, 1000 झाल्या की साफसफाई आणि तेल. सॅव्हेज 37 वेळा अडखळलं, कोल्ट एकदाही नाही. 29 मार्च 1911 ला कोल्ट स्वीकारलं गेलं. तेच प्रसिद्ध एम1911.

मग एम1911 'न अडकणारं पिस्तूल' आहे, असं लिहायचं का? इथेच थांबा. ते रचलं होतं गोल टोकाच्या, धातूचं आवरण असलेल्या गोळीसाठी. पुढे लोक त्यात टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्या वापरू लागले, आणि तेच पिस्तूल अडकू लागलं. बोथट टोक उताराला अडायचं. मग कारागीर उतार गुळगुळीत करून द्यायचे, नळीचं तोंड जरा रुंद करायचे. म्हणजे 1911 चा शून्य हा एकट्या पिस्तुलाचा गुण नव्हता. तो पिस्तूल आणि ठराविक काडतूस या जोडीचा निकाल होता.

हे विसरलं की काय होतं, ते व्हिएतनाममध्ये दिसलं. एम16 रायफल एका प्रकारच्या दारूवर विकसित झाली होती. 1964 मध्ये लष्कराने काडतुसातली दारू बदलली. त्यामुळे रायफलचा झाडण्याचा वेग वाढला, आत काजळीही जास्त साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं साहित्य पुरेसं पोचलं नव्हतं. ऐन लढाईत पुंगळ्या चेंबरमध्येच रुतून बसू लागल्या. सैनिकांच्या तक्रारी अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेल्या, आणि 1967 मध्ये तिच्या उपसमितीने दारूबदलावर कडक ताशेरे ओढले. जुन्या दारूवरचा निकाल नव्या दारूला लागू होईल असं धरून चालण्याची किंमत सैनिकांनी जिवाने मोजली.

म्हणून प्रयोग फसला की अनुभवी कारागिराचा क्रम आठवा. तो आधी बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर होतो ते पाहतो: काडतूस चढताना की पुंगळी निघताना? मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दुसरं मॅगझिन लावून बघतो, मग दुसऱ्या बनावटीचं काडतूस, मग दुसऱ्या माणसाच्या हाती देतो. प्रत्येक वेळी किती झाडल्या आणि किती अडकल्या, हे लिहून ठेवतो. उताराला कानस सगळ्यात शेवटी. कारण मॅगझिन परत बदलता येतं, घासून काढलेला धातू परत लावता येत नाही.

तुमच्या प्रयोगातली कानस कुठली, हे आधीच ठरवून ठेवा. आणि निकाल लिहिताना तो कुठल्या काडतुसावर मिळाला, तेही लिहा.