पडद्याकडून ग्रंथाकडे : स्मिता पाटील, ‘सांगत्ये ऐका’ आणि मराठवाड्यातील एक खेडे

साहित्यकृतीच्या चित्रपटरूपांतराचा विचार मराठी समीक्षेत बहुधा ग्रंथापासून सुरू होतो. मूळ संहिता कोणती, दिग्दर्शकाने तीतून काय गाळले, काय वाढविले, याचा हिशेब मांडला जातो. वाचकाचा प्रत्यक्ष क्रम मात्र पुष्कळदा उलटा असतो. बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांतून मराठीच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचलेल्या वाचकाने शांता निसळ हे नाव ऐकण्यापूर्वी स्मिता पाटील यांना पडद्यावर पाहिलेले असण्याचीच शक्यता अधिक. आवडत्या अभिनेत्रीचा लोभ त्याला ग्रंथापर्यंत आणतो. या लोभाला समीक्षेने नाक मुरडण्याचे कारण नाही. लेखकाच्या नावाने जशी पुस्तके एका फळीवर येतात, तशी ती अभिनेत्रीच्या नावानेही येऊ शकतात आणि ही दुसरी फळी कधीकधी अधिक बोलकी ठरते.

‘जैत रे जैत’ (१९७७) मागे गो. नी. दांडेकरांची कादंबरी आहे, ‘भूमिका’ (१९७७) मागे हंसा वाडकर यांचे आत्मकथन, ‘चक्र’ (१९८१) मागे जयवंत दळवींची कादंबरी, आणि ‘उंबरठा’ (१९८२) मागे शांता निसळ यांची ‘बेघर’. वाङ्मयेतिहासात ही चार पुस्तके सहसा एका प्रकरणात येत नाहीत. पण ओळीने वाचली असता चारही ठिकाणी बाईच्या राहण्याच्या जागेचा प्रश्न निरनिराळ्या रीतीने उभा राहिलेला दिसतो. डोंगराखालची ठाकरवाडी, नटीचे घर, झोपडपट्टी आणि महिलाश्रम अशा या जागा आहेत.

‘जैत रे जैत’च्या बाबतीत ग्रंथाकडे जाणाऱ्या वाचकाला एक उणीव जाणवते. चित्रपटाने त्याच्या कानात ठेवलेली ना. धों. महानोरांची गीते कादंबरीत नाहीत. कोकणातल्या ठाकरांच्या कथेला पळसखेड्याच्या, म्हणजे मराठवाड्याच्याच, शेतकरी कवीचे शब्द मिळाले होते. ‘चक्र’चे प्रकरण निराळे आहे. चित्रपटाच्या जाहिरातीने अम्माच्या स्नानाच्या दृश्याचे भांडवल केले, आणि ते स्मिता पाटील यांनाही रुचले नव्हते. १९६३ च्या कादंबरीतली वस्ती अशी पाहण्याची वस्तू होत नाही. तीत अडकून पडावे लागते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण घराघरांत असलेल्या आणि दर हंगामात लाखो ऊसतोड मजुरांना कोपीवर पाठविणाऱ्या बीड जिल्ह्यातील वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण ‘सांगत्ये ऐका’चे. या पुस्तकाचे नावच मुळी पडद्यावरून आलेले आहे. अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटात हंसाबाई नायिका होत्या, आणि तो पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे त्यांनी आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले. ते ‘माणूस’मधून आले आणि १९७० साली पुस्तकरूप झाले. १९७१ मध्ये हंसाबाई गेल्या. सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी त्यावरून हिंदीत ‘भूमिका’ केला. म्हणजे चित्रपट, ग्रंथ आणि पुन्हा चित्रपट असा हा प्रवास आहे. यात ‘मूळ’ कशाला म्हणावे, हे ठरविणे सोपे नाही. ग्रंथदेखील सांगितलेला आहे, लिहिलेला नव्हे, आणि तो ऐकणारा एक तरुण पत्रकार-लेखक आहे.

‘भूमिका’मधील उषा फारशी बोलत नाही. पुस्तकातल्या ‘मी’चे काम तेथे स्मिता पाटील यांच्या चेहऱ्याने केले, आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटाकडून ग्रंथाकडे आलेला वाचक हा चेहरा बरोबर घेऊनच पाने उलटतो. पण पुस्तकातली बाई वेगळी आहे. ती बोलकी आहे, आपल्या मद्यपानाविषयी आडपडदा न ठेवता सांगते, स्वतःची कीव करून घेत नाही. पडद्यावरील संयत दुःखाची सवय झालेल्या वाचकाला या आवाजाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

तथापि खरा भेद स्थळाचा आहे. घर सोडल्यानंतर हंसाबाई एका पुरुषाबरोबर मराठवाड्यातील खेड्यात गेल्या आणि सवतींच्या घरात, बाहेर पडण्याची मुभा नसलेली बायको म्हणून राहिल्या. चित्रपटात याचा विनायक काळे यांचा आडबाजूचा प्रशस्त वाडा झाला. अमरीश पुरी यांच्या वावरण्याने तो वाडा सरंजामी पुरुषसत्तेचे प्रतीक होतो, परंतु तो कोणत्याच जिल्ह्यात नसतो. प्रतीक होण्याची ही किंमत आहे. बीडच्या वाचकाने मात्र येथे लगेच प्रादेशिक अभिमानाने वा अपमानाने पेटून उठण्याचे कारण नाही, कारण कोंडलेल्या बाईला प्रदेश दिसतो तो फक्त घराच्या उंबऱ्याआतला. पुस्तकात मराठवाड्याचे समाजदर्शन शोधणे व्यर्थ आहे. पुस्तक सांगते ते इतकेच, की ही कोंडी कुठल्याशा काल्पनिक गढीत घडली नव्हती.

आणि सुटकेचे काय? चित्रपटात पती पोलिसांसह येतो, उषा मोकळी होते. प्रेक्षकाच्या लेखी कैद घराची आणि सुटका कायद्याची. हंसाबाईंनी सांगितलेल्या हकिगतीत या सुटकेच्या कागदपत्रांसाठी ज्या दंडाधिकाऱ्यासमोर जावे लागले, त्यानेच त्यांच्यावर बलात्कार केला. बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांच्या पटकथेने हा प्रसंग वगळला. तो घेतला असता उषाच्या एकामागून एक येणाऱ्या पुरुषांची मालिका खाजगी नात्यांच्या बाहेर, थेट शासनाच्या कचेरीपर्यंत गेली असती आणि चित्रपटाची बांधणी विस्कटली असती. पटकथेच्या दृष्टीने गाळणी समजण्याजोगी आहे, परंतु तिने अर्थ बदलला हेही खरे. घराची कैद आणि कायद्याची सुटका ही विभागणी पुस्तकाला मान्य नाही.

‘भूमिका’ पाहून आलेला वाचक या पानांशी येतो तेव्हा प्रथमच एकटा पडतो. येथवर बरोबर असलेला स्मिता पाटील यांचा चेहरा पुढे येत नाही, कारण हा प्रसंग त्यांनी कधी साकारलेलाच नाही. येथे फक्त हंसाबाईंचे बोलणे आहे.