बोधिधर्म आणि चीगोंग : एका आख्यायिकेची चिकित्सा

चिनी व्यायामपद्धतींवरील पुस्तिकांतून आणि शाओलिन युद्धकलेच्या वर्गांतून एक कथा वारंवार सांगितली जाते. दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेले आचार्य बोधिधर्म शाओलिन विहारात आले. दीर्घकाळ ध्यानाला बसून तेथील भिक्खू दुर्बल झाल्याचे त्यांनी पाहिले. आणि त्यांच्या आरोग्यासाठी 'यीजिन जिंग', म्हणजे 'स्नायुपरिवर्तनसूत्र', त्यांना दिले. श्वास, संथ हालचाली आणि चित्ताची एकाग्रता यांची सांगड घालणाऱ्या ज्या साधनेला आज 'चीगोंग' म्हणतात, तिचे मूळ या कथेनुसार एका भारतीय बौद्ध आचार्यापाशी पोहोचते. बौद्ध वाचकाला ही कथा सुखावते यात नवल नाही. परंतु केवळ परंपरेने आले म्हणून काहीही स्वीकारू नका, असा उपदेश कालामांना करणाऱ्या तथागतांच्या अनुयायांनी तरी ही कथा तपासून घेतली पाहिजे.

बोधिधर्मांचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वानजी यांच्या लोयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात आढळतो. हा ग्रंथ इ. स. ५४७ च्या सुमाराचा आहे. त्यात बोधिधर्म योंगनिंग विहाराचा भव्य स्तूप पाहून विस्मित झालेले दिसतात. व्यायामाचा तेथे मागमूसही नाही. पुढे सातव्या शतकात दाओश्वान यांनी थोर भिक्खूंची चरित्रे लिहिली. त्यांतील बोधिधर्म ध्यानमार्गाचे आचार्य आहेत, शरीरसाधनेचे नव्हेत.

मग 'यीजिन जिंग' आले कोठून? त्याला जोडलेल्या दोन प्रस्तावनांपैकी एक तांग काळातील सेनापती ली जिंग यांच्या नावे असून तिच्यावर इ. स. ६२८ हा काळ घातलेला आहे. दुसरी सोंग काळातील सेनानी न्यू गाव यांच्या नावे, इ. स. ११४२ ची आहे. पहिल्या प्रस्तावनेत ग्रंथाच्या परंपरेतील एक दुवा म्हणून ज्या वीराचा निर्देश आहे, तो तांगकालीन कथावाङ्मयातील एक काल्पनिक पात्र आहे. अठराव्या शतकातील चिनी विद्वान लिंग टिंगकान यांनीच या प्रस्तावना बनावट असल्याचे दाखवून दिले होते. ग्रंथातील खरा मागोवा देणारा काळ इ. स. १६२४ हा असून, त्यातील विचारसृष्टीवर ताओ पंथाची छाप स्पष्ट आहे. म्हणजे बोधिधर्म आणि हा ग्रंथ यांच्यात सुमारे अकराशे वर्षांचे अंतर पडते.

शिवाय अशी साधना चीनला बाहेरून मिळण्याची गरजही नव्हती. १९७३ साली हुनान प्रांतातील मावांगदुई येथील एका थडग्यात रेशमावर काढलेले एक चित्र सापडले. निरनिराळ्या अंगस्थितींतील चव्वेचाळीस स्त्री-पुरुष त्यात दाखविले असून काही आकृतींखाली व्याधींची, तर काहींखाली पशुपक्ष्यांची नावे आहेत. हे थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झाले होते. त्यावेळी बोधिधर्मांच्या जन्माला सहा शतकांहून अधिक अवकाश होता आणि चीनमध्ये बौद्ध धम्माचा प्रवेशही झालेला नव्हता.

तर मग या इतिहासात बौद्धांचा वाटा काहीच नाही काय? आहे; मात्र तो निराळा आहे. इ. स. १४८ मध्ये पार्थियाचे अन शिगाव लोयांगला आले आणि आनापानसतीविषयक ग्रंथ त्यांनी चिनी भाषेत आणला. सहाव्या शतकात तिएन्ताई परंपरेचे आचार्य झियी (इ. स. ५३८ ते ५९७) यांनी शमथ-विपश्यनेवरील आपल्या ग्रंथांत व्याधिनिवारणाचे स्वतंत्र प्रकरण घातले आणि ताओपंथीयांत रूढ असलेल्या सहा उच्छ्वासांची पद्धत त्यात सामावून घेतली. देणे-घेणे असे दोन्ही बाजूंनी झाले. झियींचा विवेक विशेष लक्षणीय आहे. चित्ताचा योग्य उपयोग केला तर व्याधी शमतात, अयोग्य केला तर त्याच उद्भवतात, असे ते बजावतात. ध्यानातील असमतोलाने आलेला विकार ध्यानानेच सुधारावा. परंतु श्रम वा आहार यांमुळे जडलेल्या व्याधीवर औषधोपचारच केला पाहिजे, असा भेद त्यांनी चौदाशे वर्षांपूर्वी केला.

'चीगोंग' हे नाव आजच्या अर्थाने रूढ झाले ते १९४९ नंतर. जठरव्रणाने त्रस्त असलेले ल्यू ग्वेझेन हे साम्यवादी पक्षाचे कार्यकर्ते एका पारंपरिक साधनेने बरे झाले. त्यांनी तिचे धार्मिक आवरण दूर करून तिला उपचाराचे रूप दिले. १९५७ साली त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. सांस्कृतिक क्रांतीत ही चळवळ दडपली गेली. १९८० च्या दशकात ती पुन्हा उसळली आणि तिच्यासोबत चमत्कारांचे दावेही आले.

आज या साधनेचे मूल्य चमत्कारांवर नव्हे, अनुभवाच्या कसोटीवर ठरते. तिच्याच कुळातील ताई चीमुळे वृद्धांचे तोल जाऊन पडणे कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील अमेरिकेतील चाचणीतही ताई चीने शरीराचा तोल सुधारल्याचे आढळले. हे लाभ मोलाचे आहेत. परंतु ते पूरक आहेत. त्यांच्या भरवशावर मधुमेहाची वा क्षयाची औषधे थांबविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

या बाबतीत पाली वाङ्मयाची साक्ष पुरेशी आहे. अंगुत्तरनिकायातील गिरिमानंद सुत्तात आजारी भिक्खूसाठी सांगितलेल्या दहा संज्ञांत आनापानसती आहे. आणि महावग्गातील भेसज्जक्खंधकात त्याच शास्त्याने तूप, लोणी, तेल, मध, काकवी यांपासून मुळ्या-काढ्यांपर्यंत औषधांना अनुज्ञा दिली आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

जे तर्कसंगत असेल तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपल्यासमोर ठेवली आहे. ती लावली असता बोधिधर्मांच्या नावावरील एक आख्यायिका गळून पडते. त्यांचे थोरपण तिच्यावर अवलंबून नव्हते. उरतो तो अन शिगाव आणि झियी यांचा सत्य वारसा, आणि तो अभिमान बाळगावा असाच आहे.