होळकरांची फळी आणि तिला घडवणारे हात

आम्हां गोवेकरांना फुटबॉलच्या आघाडीच्या फळीवर तासन्‌तास बोलायला आवडते. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. त्या फळीला घडवणारा मात्र मैदानाबाहेर उभा असतो. आर्मांदो कुलासोंनी धेंपो क्लबला पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवून दिले, म्हणून त्यांचे नाव तरी राहिले. अशीच एक जुनी गोष्ट इंदूरची आहे, फक्त खेळ क्रिकेटचा.

इंदूरहून मुंबईकडे येणारा आग्रा रस्ता महू आणि मानपूरवरून जातो. या मुलखावर मराठी होळकरांचे राज्य होते. तुकोजीराव होळकरांनी 1923 साली नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत कॅप्टन केले. नायडूंनी तिथे शिस्त आणली आणि पोरे हेरली. तेरा वर्षांचा मुश्ताक अली त्यांच्याच नजरेत भरला. हा मुश्ताक 1934 साली कसोटीत उतरला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. दोनच वर्षांनी मँचेस्टरला सलामीला येऊन त्याने 112 धावा केल्या. परदेशातले कुणाही भारतीयाचे ते पहिले कसोटी शतक.

पण खरी कसोटी एका खेळाडूची नसते, फळीची असते. 1945-46 च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने 8 बाद 912 धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशी एकाच डावात सहा शतके! नायडू तेव्हा पन्नाशीचे होते. शिकवणाराच शिष्यांबरोबर बॅट घेऊन उतरत होता. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला.

मग संस्थाने गेली, 1955 नंतर होळकरांचा संघही गेला. मध्य प्रदेश 1999 साली बंगळूरच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून हरला. कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. तेच पंडित 2020 साली प्रशिक्षक म्हणून परतले, तशीच करडी शिस्त घेऊन. जून 2022 मध्ये त्याच बंगळुरात मुंबईविरुद्ध यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी एका डावात शतके ठोकली, आणि करंडक मध्य प्रदेशाचा झाला.

मधली जवळजवळ सत्तर वर्षे इंदुरात गुणी पोरे नव्हती असे कोण म्हणेल? गुण मातीत असतोच. त्याची फळी बांधायला मात्र शिकवणारा लागतो, आणि त्याला पुरेशी वर्षे देणारा आश्रयही. धेंपो 2015 साली आय-लीगच्या वरच्या गटातून खाली घसरला, तेव्हा आपण खेळाडूंना बोल लावले. आपल्या गावच्या मैदानावर पोरांना शिकवणारा कोण आहे, हे मात्र कितीजणांनी विचारले?