नमुना-आवृत्तीचा पाठशोध
'डूम' या संगणक-खेळाचा पहिला भाग विनामूल्य नमुना-आवृत्ती म्हणून १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसृत झाला. पुढे १९९५ पर्यंत दुरुस्त आवृत्त्या निघत राहिल्या. आरंभीच्या आवृत्त्यांतील चौथ्या पातळीवरची नाझी स्वस्तिकासारखी रचना नंतर बदलण्यात आली. म्हणूनच उत्तरकालीन प्रतीवरून मूळ खेळाविषयी विधान करणे धोक्याचे ठरते. संशोधक फाइलचे आकारमान आणि तिच्या आशयावरून 'एमडी५' पद्धतीने काढलेली संख्या ताडून पाहतात. या पडताळणीने दोन प्रतींची एकरूपता कळते, आद्यता नव्हे. त्यासाठी प्रत कोठून, कोणाकडून आली हेच तपासावे लागते. भांडारकर संस्थेच्या महाभारत-संपादकांपुढे लेखनिकांनी घडविलेले पाठभेद होते. येथे पाठ बदलणारा स्वतः कर्ताच आहे. त्याने पुसलेले जपणे, हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.