सोंग तेच, घर आपले

2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे छापे घातले, तेव्हा अमेरिकी करअधिकाऱ्यांचे सोंग घेऊन तिकडील लोकांस दूरध्वनीवरून अटकेचा धाक घालणारी मंडळी सापडली. तेच सोंग पुढे ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने ठाणे-डोंबिवलीतील निवृत्त गृहस्थांकडे आले. अशी अटक कायद्यात नाहीच, हे 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांस आकाशवाणीवरून सांगावे लागले. आमच्या मते याचे खरे शस्त्र धाक नव्हे, गुप्ततेची ताकीद होय. पलीकडच्या खोलीत पत्नी भाजी निवडीत असते, आणि इकडे गृहस्थ उभयतांची पुंजी परक्याच्या खात्यात भरतो. तिला पैशापेक्षा ‘मला का सांगितले नाही?’ हेच अधिक सलते. 1930 या क्रमांकावर तक्रार तत्काळ करावयाची असते. पण आधी तिला तोंड द्यावयाचे, या संकोचात मोलाचे तास निघून जातात.