नीरेच्या खारवट जमिनी आणि इंजिनिअरिंगची उन्हाळी सुट्टी

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि शिक्षक उन्हाळ्यात संशोधन करू शकतात का, हा आजचा विषय. त्यासाठी आपण थेट बारामती-इंदापूरला जाऊ.

1876-77 चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांतून नीरेचा डावा कालवा खणायला घेतला गेला आणि 1885 साली त्याला पाणी सुटलं. कोरड्या रानात ऊस उभा राहिला. पण आता बघा, पाणी आलं, निचऱ्याची सोय मात्र झाली नाही. काळ्या जमिनीत पाणी साचलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले आणि चांगली रानं पांढरी पडली.

याचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. पुण्यात शिकून 1883 मध्ये इंजिनिअर झालेल्या विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आखली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हाणे या सहकाऱ्याबरोबर 1910 साली नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली. 1916 मध्ये मुंबई सरकारने पाणी देण्याची रीत आणि निचरा यांच्या अभ्यासासाठी खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली. म्हणजे एक प्राचार्य रानात उतरला आणि त्याचा विषय शास्त्र झाला.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला यात दोन प्रकारचे प्रश्न दिसतात. एकाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असतं, दुसऱ्याचं शिक्षकालाही ठाऊक नसतं. परीक्षा पहिल्याची होते. दुसऱ्यासाठी मोकळा वेळ लागतो, आणि तो फक्त उन्हाळ्यातच मिळतो.

तो वेळ देणाऱ्या योजना आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देतात, त्यात अभियांत्रिकीही येते. पण इंदापूरच्या ज्या मुलाची सुट्टीत घरच्या रानात गरज असते, तो बंगळुरूला कसा जाणार? ज्या शिक्षकाचा मे महिना पेपर तपासण्यात आणि जून प्रवेशाच्या कामात जातो, तो तरी कसा जाणार? मग संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचं काम, अशी दोघांचीही समजूत होऊन बसते.

खरं तर बारामतीत 2000 सालापासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. माळेगाव खुर्दला दुष्काळ, क्षार अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून आहे. इंदापूरला उजनीचं पाणी आहे. आणि जमिनीवरचे क्षार सगळ्यात स्पष्ट दिसतात ते एप्रिल-मेमध्येच!

म्हणून कॉलेजांना माझं सांगणं एवढंच आहे. दर उन्हाळ्यात एका शिक्षकाला इतर कामांतून सोडवा, त्याच्याबरोबर चार विद्यार्थी द्या, त्यांना थोडं मानधन द्या. त्यांनी एका चारीवरचं पाणी मोजावं, पाटकऱ्याशी आणि शेतकऱ्यांशी बोलावं, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी नोंदवही ठेवावी. 1885 मध्ये सुरू झालेला प्रश्न अजून संपलेला नाही. तो सोडवायला त्याच मातीतली मुलं हवीत.