तळटीप : ‘पत्त्याचा वेष उतरवणे’

* लेखकाने इथे एवढेच म्हणून विषय सोडला आहे. तो थोडा उलगडायला हवा. वेबपत्त्यात टक्केचिन्हापुढची दोन चिन्हे एका बाइटचा (साध्या रोमन लिपीत एका अक्षराचा) सांकेतिक क्रमांक असतात : %६१ म्हणजे रोमन लिपीतला छोटा ‘ए’. ही सोय मुळात रिकामी जागा, परक्या लिपीतली अक्षरे पत्त्यात बसावीत म्हणून आहे. मराठी विकिपीडियाचा दुवा चिकटवल्यावर टक्क्यांची जी लांबलचक माळ दिसते, ती हीच. स्पॅम पाठवणारे मात्र साधी अक्षरेही अशीच लिहितात, म्हणजे स्पॅम अडवणाऱ्या गाळणीला ओळखीचे नाव सापडू नये.

आकड्यांचा प्रकार त्याहून फसवा. १९२.१६८.१.१ हा पत्ता ३२३२२३५७७७ असा सलग लिहिला, तरी ब्राउझर तिथेच पोचतो. पहिल्या आकड्याला २५६ने तीनदा गुणायचे, दुसऱ्याला दोनदा, तिसऱ्याला एकदा, आणि चौथा तसाच मिळवायचा. वाचकाने हे कागदावर जरूर करून पाहावे. पत्त्यात ‘//’ नंतर, पुढच्या ‘/’ च्या आधी ‘@’ आले तर खरा यजमान (होस्ट) त्याच्या उजवीकडे असतो; डावीकडचे बँकेचे नाव नुसता देखावा.

‘स्पॅमअसॅसिन’ ही २००१ सालापासूनची मुक्त गाळणी आधी हे थर सोलते, मग उरलेले डोमेन काळ्या यादीशी ताडून पाहते. सोलताना ती मूळ रूप टाकून देत नाही, हे मला फार मोलाचे वाटते : यजमानाचे नाव टक्क्यांत लपवलेले होते, एवढ्यावरूनही पत्राचे संशयाचे गुण वाढवता येतात. — संपा.